तेल्याचे तोंड पाहून हरेश्वरी

देवाकडे मी फारसे कधी काही मागितले नाही. श्रद्धा मोठी होती म्हणून नव्हे. मागितलेली गोष्ट घडली, तर ती त्याने दिली, आपल्या खटपटीने मिळाली, की तशीही मिळणारच होती, याचा निवाडा कसा करायचा हे मला कधी समजले नाही. आणि ज्याचा ताळा जमत नाही ते मी मांडतच नाही. माडाखाली उभा राहून वरून किती नारळ उतरतील ते मी सांगतो आणि ते सहसा चुकत नाही, म्हणून गावात मला थोडा मान आहे. पण तोच स्वभाव देवघरात शिरला की हात जोडतानाही मन विचारते, 'कशाबद्दल?' अशा माणसाने देवाचा अनुभव लिहावा याचे आमच्या घरातही हसू होते. तरी जे पाहिले ते, आणि जेवढे पाहिले तेवढेच, लिहून ठेवतो.

आमचे गाव रेवदंड्याच्या अलीकडे, समुद्राला लागून. नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांतून जाणारी अरुंद पाखाडी, आणि पाखाडीच्या तोंडाशी हसाजी तेल्याचे घर. हसाजी बेने इस्राएल, म्हणजे इथला यहुदी. हे लोक या किनाऱ्यावर इतक्या पिढ्या राहिले आहेत की त्यांची बोली आमचीच, बायकांची लुगडी आमच्याच बायकांसारखी. मूर्ती मानत नाहीत आणि शनिवारी घाण्याला बैल जुंपत नाहीत, म्हणून सगळे त्यांना शनिवार तेली म्हणतात. त्यांच्या प्रार्थनेच्या जागेला ते मशीद म्हणतात, पण ती मुसलमानांच्या मशिदीहून वेगळी. हसाजी माझ्याच वयाचा. घाण्यावर बसल्या बसल्या गावातल्या कोणाचीही हुबेहूब नक्कल करायचा. माझी करायचा तेव्हा आधी माडाकडे मान वर करून ओठ हलवायचा, आणि माझी बायकोसुद्धा पदर तोंडाला लावायची.

त्या वर्षी पावसाळ्यात घाण्याचा आवाज तुटक येऊ लागला आणि श्रावणात बंद पडला. हसाजी घराबाहेर पडेना. पडलाच तर संध्याकाळी, आणि कोणी वळकटी-पिशवी घेऊन येताना दिसले की तो कुंपणाआड बसे. याचे मूळ सांगायला हवे. आमच्याकडे प्रवासाला निघताना तेली समोर आला तर अपशकून मानतात. त्याचे तेल घरात चालते, देवापुढे जळते. तो स्वतः मात्र वाटेत चालत नाही. यात काय तर्क आहे हे मी तोवर कधी विचारले नव्हते, आणि हसाजीही या समजुतीची थट्टाच करत आला होता. पण वैशाखात त्याची मुलगी आणि जावई मचव्याने मुरुडला निघाली, हा त्यांना निरोप द्यायला बंदरावर गेला, आणि मचवा खाडीच्या तोंडाशी वाळूवर चढून कलंडला. कोणी दगावले नाही. सगळी पाण्यातून चालत काठाला आली. मुलीला भिजून ताप भरला आणि तो बरेच दिवस रेंगाळला. पुढे मुलगी बरी झाली, पण बाप बिघडला. आपल्या तोंडाने माणसांच्या वाटा बंद होतात, असे त्याने धरले ते धरलेच.

भाद्रपदात त्याची बायको रिबकाबाई आमच्या ओट्यावर येऊन बसली.

"दादा, ते जेवत नायत. ताट वाढलं की म्हणतात, कोण निघालं असंल तर आधी जाऊं दे, मग मी हात धुवायला भायेर येतो. कोण निघालं नसतं हो! नि ताट तसंच ऱ्हातं." तिने डोळे पुसले. "माझा भाऊ मुंबईहून येणार हाय. दारं बंद करायचा सण झाला की ह्यांना ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात न्हेऊन ठेवतो म्हणतो. तिकडं गेलेलं माणूस परत घरला येतं का, दादा?"



दारे बंद करायचा सण म्हणजे त्यांचा मोठा उपास. आमच्या दसऱ्याच्या सुमारास येतो. त्या दिवशी हे लोक पांढरे कपडे घालून, दारे लावून, दिवसभर अन्नपाण्याशिवाय राहतात आणि वर्षभराच्या अपराधांची देवापाशी क्षमा मागतात. मात्र एक अट असते. अपराध माणसाचा केला असेल तर आधी त्या माणसाकडे जाऊन माफी मागायची. त्याच्या वतीने देव माफ करत नाही. ही अट मला नेहमीच रास्त वाटत आली आहे. हसाजी मागच्या वर्षीपर्यंत सणाच्या आधी सगळ्या गावाला हसत हसत माफी मागून यायचा. यंदा तो मशिदीची पायरी चढायला तयार नव्हता. "तुमच्याशीच बोलायचं म्हणतात," रिबकाबाई म्हणाली, म्हणून मी गेलो.

तो घाण्याच्या खोलीत, कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून बसला होता. मी कुठे निघालेलो नाही, घरीच परत जाणार आहे, असे दोनदा सांगितल्यावर वळला.

"तात्यांना हरेश्वराला जायचं होतं, आठवतं?" तो म्हणाला.

तात्या म्हणजे माझे वडील. आठवणार नाही असे कसे होईल? मी लहानपणी देवीच्या आजारातून उठलो तेव्हा त्यांनी हरिहरेश्वराला जाण्याचा नवस केला होता. पुढे संसारात वर्षे गेली, आणि म्हातारपणी एकदा निघायचे ठरले तर दर वेळी ते पाखाडीच्या तोंडापर्यंत जाऊन परत येत. 'आज शकून नाही' एवढेच म्हणत. मग पावसाळा लागला, मचवे वर ओढले गेले, आणि त्याच पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. तोंड वाकडे झाले होते, तरी शेवटपर्यंत एक वाक्य कळत असे : 'हरेश्वर राहिला.'

"तो शकून मी होतो," हसाजी म्हणाला. "पोरांत पैज लागली होती. म्हटलं, बघा, म्हाताऱ्याला परत फिरवतो. तेलाचा बुधला घेऊन आडवा गेलो. तात्या फिरले. मला हसू आवरंना. दुसऱ्या मुहूर्ताला परत गेलो, तिसऱ्याला परत. मला काय ठाऊक, पुढं मुहूर्तच नाय उरणार म्हणून?"

मी उठलो आणि वाडीत जाऊन रहाटापाशी उभा राहिलो. वीस वर्षे मी समजत होतो की तात्या मनाने कच्चे, त्यांच्याच चालढकलीमुळे नवस राहिला. नवस माझ्या जिवाचा होता. ते वाकडे झालेले तोंड डोळ्यांपुढून हलेना, आणि त्या तोंडासमोर मला हसाजीचे हसणे ऐकू येत होते. कधी कोणावर आला नाही असा राग मला आला. वेडा झालेल्या माणसावर रागवावे लागते याचाही राग आला.

घरी सगळे सांगितले तेव्हा बायकोने शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाली, "त्याला जाऊन सांगा, तात्या स्वप्नात आले, म्हणाले हसाजीला माफ केलं."

"तात्या आले नाहीत."

"स्वप्नाला काय साक्षीदार लागतात? माणूस वाचेल."

"मला राग आहे अजून."

"तुमचा राग राहू द्या की तुमच्यापाशी. तात्यांचं सांगा!" ती कपाळावर हात मारून म्हणाली. "हरिश्चंद्राच्या घरात पडले मी. त्याची बायको तरी विकली गेली, मी इथंच आहे."

दोन-चार दिवस जो तो मला हेच सांगत होता. मला ते जमले नाही. सद्गुण म्हणून नव्हे. खोटे बोलायला गेलो की माझ्या जिभेला गाठच पडते. शेवटी मी हसाजीकडे जाऊन खरे ते सांगितले की मला फार राग आला आहे, तो गेलेला नाही, आणि तात्यांच्या वतीने बोलायचा मला अधिकार वाटत नाही. रिबकाबाईने माझ्याकडे असे पाहिले की मी जमिनीकडे बघू लागलो. पण हसाजीने मान वर केली. किती दिवसांनी त्याने माझ्या डोळ्याला डोळा दिला होता.

"सगळे म्हणतात, काय नाय झालं, इसर," तो म्हणाला. "झालं होतं. तू एकटा खरं बोललास." आणि त्या दिवशी त्याने अर्धी भाकर खाल्ली.

रेवदंड्याच्या त्यांच्या मशिदीत प्रार्थना सांगणाऱ्या गृहस्थांना, म्हणजे हजानांना, रिबकाबाईने बोलावून आणले. वयस्क, सावकाश बोलणारा माणूस. आमच्याच ओट्यावर बसले. त्यांनी सांगितले की अपराध झालेला माणूस मेला असेल तरी वाट बंद होत नाही. दहा पुरुष बरोबर घेऊन त्याच्या थडग्यापाशी जायचे, अपराध मोठ्याने बोलायचा, माफी मागायची.

"तात्यांचं थडगं..." त्यांनी वाक्य अर्धे सोडले.

"आम्ही जाळतो," मी म्हटले.

"ते ठाऊक हाय. मग राख?"

"हरेश्वरी. समुद्रात."

हजानांनी दाढी खाजवली. "समुद्र मोठा हाय."

"जागा मी दाखवतो," मी म्हटले. "अस्थी मीच सोडल्या. प्रदक्षिणेच्या वाटेवर पायऱ्या उतरल्या की डावीकडे खडकात एक खोबण आहे. ओहोटीलाच उघडी पडते."

"मग ती जागा धरूं," ते म्हणाले. "देवाला काय, खडक नि थडगं सारखंच."

पितृपंधरवडा लागला होताच. तात्यांची तिथी दशमीची. दशमीला ओहोटी दुपारची, म्हणजे श्राद्ध उरकून खाली उतरायला वेळ मिळेल; तिथी शनिवारी येत नव्हती, हेही पंचांगात पाहिले, कारण शनिवारी त्यांचे कोणी मचव्यात बसले नसते. रागातसुद्धा एवढे जुळवण्यात मला बरे वाटत होते. तात्यांचा नवसही या निमित्ताने फिटणार होता. माफीचे पुढचे काय, ते मी ठरवले नव्हते.

हसाजीच्या लोकांतून हजान धरून दहाजण तयार झाले; माफी मागणारा त्यांत मोजत नाहीत, म्हणून हसाजी वेगळा. त्यांत एक लढाईत बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले पेन्शनर हवालदार होते, आणि शाळेतले बन्नाजी मास्तर. मचवा दाऊद तांडेलाचा. आम्ही निघालो तेव्हा शेजारच्या काशीकाकू काठावर येऊन छाती बडवू लागल्या.

"अरे, एक तेली दिसला तर माणूस परत फिरतो! तू सगळी आळी बरोबर घेऊन निघालास?"

"काकी, मोठ्या अपशकुनात धाकटा बुडून जातो," दाऊद सुकाणूवरून ओरडला. "भिऊं नका, अल्ला हाय."

हसाजीने डोक्यावरून पंचा ओढून घेतला. जागा अरुंद, त्यामुळे मी त्याच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल असा बसलो. सबंध वाट तो पंच्याआडून एकच पुटपुटत होता : "मला उतरवून द्या, अजून येळ हाय." जंजिऱ्याच्या तटाखालून जाताना वारा पडला तेव्हा तर तो मचव्यातून उडी टाकायला उठला, हवालदारांनी त्याला कमरेला धरून खाली बसवले आणि बसऱ्याच्या खजुरांची गोष्ट लावली. ती श्रीवर्धनच्या बागा दिसेपर्यंत संपली नाही. बन्नाजी मास्तरांना मात्र समुद्र बाधला. जे पोटात होते ते गेले, जे नव्हते तेही गेले.

हरेश्वरी रीत अशी की आधी काळभैरवाचे दर्शन घ्यायचे. भैरवाच्या देवळात मनाने बिघडलेली माणसे आणून बसवतात. त्या दिवशी एक तरुण बाई खांबाला टेकून झुलत होती, आणि तिची आई तिच्या केसांतून फणी फिरवत होती. हसाजी बाहेर अंगणातच थांबला होता, पण दारातून त्याला ती दिसली.

"हिनं कोणाची वाट अडवली असंल?" त्याने मला हळूच विचारले.

"कोणाचीच नाही, हसाजी. आजारी आहे ती."

त्याने पंच्याची कड जरा वर करून तिच्याकडे पुन्हा पाहिले.

श्राद्ध झाले, हरिहरेश्वराचे दर्शन झाले, नवस फेडला. देवापुढे उभा राहून पहिल्यांदा मी काहीतरी मागितले. म्हटले, मला राग ठेवायचा नाही, पण तो मी काढू म्हटला तर निघत नाही. तुझे तू बघ. त्यात भक्ती कमी आणि वैताग जास्त होता.

बाहेर आलो तर सगळे चिंतेत. बन्नाजी मास्तर धर्मशाळेत आडवे पडले होते. अंगात ताप, उभे केले तर पाय लटपटत. कड्याच्या त्या पायऱ्या ते उतरणे शक्यच नव्हते. उरले नऊ.

"नवांनी चालणार नाही?" मी विचारले.

"नाय चालत," हजान म्हणाले. मला वाईट वाटले, पण वाद घालवेना. दहा म्हणजे दहा, हे मला कळते.

"मग मला धरा दहावा," दाऊद म्हणाला. "रोज पाच वेळा नमाज करतंय. थोडं इकडं-तिकडं चालवून घ्या."

"दाऊदभाय, तुझा नमाज त्याला पोचतो," हजान हसून म्हणाले, "पण आमच्या मोजणीत नाय बसत."

"मोजणी तुमची, का त्याची?"

श्रीवर्धनला हसाजीच्या लोकांची घरे होती, पण तिकडून माणूस येईपर्यंत भरती चढली असती. तरी आम्ही जागेवर जाऊन थांबायचे ठरवले. पायऱ्या उतरून खडकांवर गेलो. खोबण उघडी होती, तिच्यात पाणी येऊन-जाऊन खेळत होते. पाहता पाहता ओहोटी सरली आणि पाणी परत फिरले. खोबणीपुढचा एक खडक मी नजरेत धरून ठेवला होता. तो बुडू लागला. हसाजीने पंचा आणखी खाली ओढला. "मी बोललो होतो," तो म्हणाला. "माझ्या संगं आलेलं कोण पोचत नाय. दहाचे नऊ झाले."

तेवढ्यात कड्याच्या पलीकडच्या अंगाने, प्रदक्षिणेच्या वाटेवरून, एक म्हातारा खडकावरून खडकावर पाय टाकत आला. धोतर गुडघ्यावर खोचलेले, खांद्यावर हिरवट पटका, वहाणा काखेत, आणि हातात अर्धे खाल्लेले तवसे, म्हणजे आमच्याकडची मोठी काकडी. आमच्याजवळ येऊन थांबला, तोंडातला घास संपवला आणि सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली.

"नऊच हाव काय?" त्याने विचारले.

हजानांनी त्याला त्यांच्या धर्मभाषेत काहीतरी म्हटले. म्हाताऱ्याने त्याच भाषेत उत्तर दिले. हजानांचा चेहरा पालटला. ते मला म्हणाले, "आमचाच हाय. खाडीपलीकडून, बाणकोटाकडून आलो म्हणतो."

"उशीर करूं नका, पाणी येतंय," म्हातारा म्हणाला. त्याने वहाणा खाली ठेवल्या, पटका डोक्याला गुंडाळला, आणि हातातले तवसे नेमके माझ्या हातात दिले. "धरा जरा."

हजानांनी प्रार्थना म्हटली. मग हसाजीला पुढे केले. तो खोबणीशी गुडघे टेकून बसला.

"तात्या, मी हसाजी तेली. तुमची वाट मी अडवली. अपशकून नव्हता, मी मुद्दाम आडवा आलो. पैजेसाठी. तुमचा नवस राहिला नि तुम्ही तसेच गेलात. मला माफ करा."

लाट आत आली, त्याच्या गुडघ्यांवरून गेली. हजानांनी खूण केली आणि ते दहाजण एकदम म्हणाले, "तुला माफ आहे." एकदा, मग पुन्हा. तिसऱ्या वेळी मला एक आवाज जवळून ऐकू आला, आणि कळायला क्षण गेला की तो माझा होता. मी ठरवले नव्हते. मी त्यांच्यातला नव्हतो, मला कोणी म्हणायला सांगितले नव्हते, आणि हातात कोणाचे तरी उष्टे तवसे घेऊन मी समुद्राच्या पाण्यात उभा होतो. बोलून झाल्यावर, सवयीप्रमाणे, मी ते वाक्य खरे आहे का म्हणून मनात तपासले. सगळीकडे शोधले. राग कुठेच सापडला नाही. ओहोटीच्या वाळूसारखे सगळे सपाट आणि स्वच्छ होते.

पण हसाजीने पंचा काढला नाही. "तुम्ही म्हटलंत," तो म्हणाला. "पण तात्या पोचले नायत ते नायतच. माझ्या तोंडासमोरून निघालेला माणूस पोचत नाय."

म्हातारा माझ्याकडे वळला. "याच्या बापसाला हितं कोणी आणलं?" त्याने हसाजीकडे बोट दाखवून विचारले, मग स्वतःच चूक सुधारली. "तुमच्या बापसाला."

"मी. अस्थी घेऊन."

"घरून निघालात तेव्हा समोर कोण आला होता?"

मला आठवावे लागले नाही; त्या दिवसाचे सगळे माझ्या डोळ्यांत पक्के आहे. तरी वीस वर्षांत हा प्रश्न मी स्वतःला कधी घातला नव्हता. मी मडके घेऊन पाखाडीतून आलो होतो, आणि तोंडाशी, आपल्या घरापुढे, हसाजी उभा होता. उघडे डोके, हातात तोच बुधला. माझ्या मागचे लोक कुजबुजले होते. मी थांबलो नव्हतो.

"हसाजी," मी म्हटले. "हसाजी समोर उभा होता."

"आणि पोचले तुमचे वडील?"

"पोचले. या खोबणीत. मी माझ्या हातांनी सोडले."

पंचा हलला. आतून हसाजीचे तोंड बाहेर आले, दाढी वाढलेले, ओले.

"म्हणजे तात्या," तो म्हणाला, "शेवटी माझं तोंड बघूनच..."

"होय," मी म्हटले. "त्या खेपेला परत फिरले नाहीत."

आधी त्याचे खांदे हलले. मला वाटले रडतो आहे. मग तो हसू लागला. किती महिन्यांत न ऐकलेले ते हसणे कड्यावर आपटून परत आले, आणि हवालदार हसले, दाऊद हसला, हजानांनी दाढीआड हसून घेतले. हसता हसता तो रडलाही, पण त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. पाणी कमरेला लागले तेव्हा भानावर येऊन आम्ही पायऱ्यांकडे पळालो. वर येऊन मोजले तर आम्ही आमचेच होतो. म्हातारा कुठे नव्हता. वर जायची वाट ती एकच, आणि प्रदक्षिणेची वाट तर पाण्याखाली गेली होती. पण खडकांतून चालण्याची ज्याला सवय आहे तो दुसरीकडूनही चढू शकतो, हे मी लिहायला हवे. तवसे माझ्या हातात तसेच होते.

परतीच्या वाटेवर, मास्तरांना भरपूर पांघरूण घालून निजवल्यावर, वाद सुरू झाला. हजान म्हणाले की त्याची प्रार्थनेतली ठेवण त्यांच्या आजोबांच्या वेळची होती, आता तशी कोणी म्हणत नाही. तो एलियाहू हन्नाबी, अडलेल्याकडे येणारा त्यांचा पैगंबर, दुसरा कोणी नव्हे. दाऊद म्हणाला, "हिरवा पटका, पाण्याच्या काठी, पाण्यात गायब. हा ख्वाजा खिज्र, दर्यावर वाट दाखवणारा पीर. दर्यावर्दी माणसाला इचारा." हवालदार म्हणाले, बाणकोटचा म्हातारा असेल, पेन्शनर. मग सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी हरेश्वराला सकाळी काय म्हटले होते ते मी सांगितले नाही. मी तवशाचे तुकडे केले आणि सगळ्यांना वाटले. पंच्याची घडी मांडीवर ठेवून हसाजीने दोन खाल्ले.

"उष्टं खाल्लंत?" घरी बायको ओरडली. "तुम्ही? आणि कोणाचं, तेही ठाऊक नाही?" मग थोड्या वेळाने, दुसरीकडे पाहत, "माझ्यासाठी नाही आणलंत?"

रिबकाबाईचा भाऊ ठरल्याप्रमाणे मुंबईहून आला. आगबोटीतून उतरून पाखाडीच्या तोंडाशी आला तर घाणा करकरत होता आणि हसाजी त्याची, म्हणजे त्या मेहुण्याचीच, नक्कल करून रिबकाबाईला हसवत होता. सणाच्या दिवशी हसाजी पांढरे कपडे घालून मशिदीत शिरला आणि दारे आतून लागली. तो साफ बरा झाला असे मी लिहिणार नाही. अजूनही पावसाळी दिवसांत कधीकधी तो भिंतीकडे तोंड करून बसतो. तेव्हा मी जाऊन शेजारी बसतो. फार बोलत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो उठतो. आजार हा आजार आहे, त्याची मुदत त्यालाच ठाऊक. पण ठाण्याचे नाव पुन्हा निघाले नाही.

दिवाळीनंतर आमची मुलगी सासरी निघाली. गाडी जुंपलेली, सगळे रडून झालेले, काशीकाकू शकुनाचे दही घेऊन उभ्या. बैल हलणार तोच माझ्या बायकोने कासरा धरला.

"थांबा. हसाजीभावजी यायचेत."

"अगं, तेली..." काकूंनी तोंड उघडले.

"म्हणूनच थांबलेय. सासऱ्यांना त्यांनीच पोचवलं."

हसाजी हात पुसत आला, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि गाडीच्या पुढ्यात, वाटेच्या मधोमध, उभा राहिला. मग बाजूला झाला. गाडी त्याच्या तोंडासमोरून गेली. ती वळणाआड जाईपर्यंत त्याचे हात जोडलेले होते आणि मी त्याच्याकडे पाहत होतो. चौथ्या दिवशी मुलीची खुशाली आली, ती त्याने रिबकाबाईला, मग माझ्या बायकोला, मग स्वतः काशीकाकूंना जाऊन सांगितली.

बाणकोट फार दूर नाही. कधीही जाऊन विचारता आले असते, असा असा म्हातारा तुमच्याकडे आहे का म्हणून. आमची सुपारी तिकडे जाते, ओळखीची माणसे आहेत. माझा स्वभाव पाहता मी विचारायलाच हवे होते. बरीच वर्षे झाली, मी विचारले नाही. कंटाळा किंवा भीती म्हणून नव्हे. एक गोष्ट मला माझ्या मोजमापाशिवाय मिळाली आहे, आणि ती तशीच घेता येते हे त्या दिवशी मला शिकवले गेले. कोणी शिकवले, ते शिकवणाऱ्याचे त्याला ठाऊक. आता सकाळी हात जोडतो तेव्हा मन पूर्वीसारखेच विचारते, 'कशाबद्दल?' मी त्याला म्हणतो, तू गप्प राहा, आणि हात जोडलेलेच ठेवतो.